सूर्य पलीकडे, मग ऑरोरा रात्री कसा?

प्रश्न : सूर्याकडून आलेले कण ध्रुवांवर आदळतात आणि ऑरोरा, म्हणजे आकाशातला रंगीत ध्रुवीय प्रकाश, दिसतो असं सगळीकडे वाचलंय. पण मग तो मध्यरात्रीच्या आसपासच जास्त का भडकतो? सूर्य तर तेव्हा पृथ्वीच्या पलीकडे असतो ना?

उत्तर : बरोबर जागी बोट ठेवलंत! ते 'सूर्यावरून थेट ध्रुवावर' वालं चित्र अर्धवटच आहे. सौरवाऱ्याच्या, म्हणजे सूर्यावरून सतत वाहणाऱ्या कणांच्या झोताच्या, दाबामुळे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सूर्याच्या बाजूला चेपलं जातं, जेमतेम ६०-६५ हजार किमीपर्यंत, आणि उलट्या बाजूला त्याची लांबच लांब शेपटी होते, पार चंद्राच्या कक्षेपलीकडे जाणारी. रात्रीचा झगझगीत ऑरोरा या शेपटीतून येतो.

शेपटीच्या मधोमध गरम प्लाझ्माचा (विद्युतभारित कणांच्या वायूचा) एक पट्टा असतो. सौरवाऱ्याची ऊर्जा साठत गेली की तिथल्या चुंबकीय रेषा बेचकीच्या रबरासारख्या ताणल्या जातात, मग कधीतरी तुटून नव्याने जोडल्या जातात आणि साठलेली ऊर्जा पृथ्वीकडे सुटते. हे नक्की कुठे सुरू होतं, जवळ की लांब, यावर शास्त्रज्ञांची बरीच वर्षं जुंपली होती. म्हणून नासाने २००७ मध्ये थेमिस मोहिमेचे ५ उपग्रह सोडले आणि २६ फेब्रुवारी २००८ ला ते नेमके मोक्याच्या जागी होते. जोडणी झाली साधारण सव्वा लाख किमीवर, म्हणजे चंद्राच्या एक तृतीयांश अंतरावर, आणि दीडेक मिनिटात इकडे ऑरोरा उजळला. पृथ्वीजवळची गडबड त्यानंतर सुरू झाली, म्हणजे 'लांब' म्हणणारे जिंकले, निदान त्या दिवशी तरी.

पण ऑरोरा पेटवणारे कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, तिथून निघाले की झालं असंही नाही हं. जमिनीपासून काही हजार किमी उंचीवर विद्युत क्षेत्रं आणि लाटा त्यांना शेवटचा जोरदार धक्का देतात, तेव्हा कुठे ते १०० किमीच्या आसपास खाली येऊन ऑक्सिजनला हिरवा करतात.

आणि ऑरोरा बरोब्बर ध्रुवावर नसून त्याभोवतीच्या कड्यात दिसतो तेही यामुळेच, कारण ताणलेल्या रेषांची टोकं त्या कड्यात उतरतात. ध्रुवावरच्या रेषा थेट सौरवाऱ्याला जोडलेल्या असतात, तिथे बहुतेक वेळा शांतता.

तुम्ही वाचलंत तसे थेट घुसणारे कणही असतात बरं का, दिवसाच्या बाजूला ध्रुवाजवळ एक फट आहे तिथून, पण तो ऑरोरा फिकट लालसर, आणि बघायचा तर दुपारी अंधार पाहिजे!