डार्क चॉकलेट आणि बीपी: गुण तुरटपणात आहे

सासूबाईंना बीपी आहे, साखरही काठावर आहे, आणि ‘मोक्तेसुमा राजा रोज पन्नास पेले चॉकलेट प्यायचा, तुम्हीही रोज डार्क चॉकलेट खा, बीपी पळेल’ हा मेसेज खरा का, असं तुम्ही विचारलंय. मी दहा वर्षं घरी कोकोच्या बिया भाजून चॉकलेट करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तो राजा, म्हणजे मेक्सिकोतल्या अ‍ॅझ्टेक लोकांचा सम्राट. तो मुलूख जिंकणाऱ्या स्पॅनिश सरदार कोर्तेसबरोबर तिकडे गेलेल्या बेर्नाल दियास या शिपायानं लिहून ठेवलंय की मोक्तेसुमाच्या जेवणाच्या वेळी फेसाळ कोकोचे पन्नासहून अधिक मोठे घडे आणत आणि त्यातलं तो पीत असे. घडे पन्नास, पेले नव्हेत, आणि तो एकटाच सगळे संपवायचा असं त्यात नाही. शिवाय ते पेय आपल्या ओळखीचं नव्हेच. बिया भाजून, वाटून पाण्यात कालवायच्या, त्यात मिरची किंवा व्हॅनिला घालायची आणि फेस यावा म्हणून या भांड्यातून त्या भांड्यात उंचावरून ओतायचं. साखर नाही. ऊस तिकडे स्पॅनिश लोकांबरोबर गेला.

बी न भाजता चावून बघितली तर कच्चं केळं खाल्ल्यासारखी जीभ ओढली जाते. तो तुरटपणा बराचसा फ्लॅवनॉल या द्रव्यांचा, आणि चॉकलेटच्या गुणांची सगळी चर्चा त्यांच्याभोवतीच आहे. त्यांच्यामुळे रक्तवाहिन्यांच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड जास्त तयार होतं आणि वाहिन्या सैलावतात.

आता गंमत बघा, युरोपात गेल्यापासून माणसानं नेमका हाच तुरटपणा घालवायचा प्रयत्न केला. बिया आंबवताना आणि भाजताना तो थोडा जातोच. १८२८ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या व्हॅन हाउटेन यांच्या कारखान्यात दाबयंत्रानं कोकोतली चरबी वेगळी काढायची पद्धत आली. पावडर सौम्य व्हावी, पाण्यात नीट मिसळावी म्हणून ती क्षारात मुरवायची युक्तीही त्यांचीच. रंग गडद झाला, चव गुळगुळीत झाली आणि फ्लॅवनॉल मोठ्या प्रमाणात गेले. १८४७ मध्ये ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीनं खायची वडी काढली. १८७५ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये डॅनियल पीटर यांनी तिच्यात दूध घातलं. आपल्याकडे तर मुलं लिमलेटच्या गोळीलाही ‘चॉकलेट’च म्हणतात, इतकं ते नाव गोडाशी चिकटलंय.

म्हणून ‘७० टक्के’ या आकड्यावर विसंबू नका. त्यात कोकोची चरबीही मोजलेली असते. फ्लॅवनॉल किती उरले ते त्यावरून कळत नाही. उरलेले ३० टक्के बहुतेक साखरच.

संशोधन काय म्हणतं? पनामाच्या सान ब्लास बेटांवरच्या कुना लोकांचं बीपी वयाबरोबर फारसं वाढत नाही, पण शहरात राहायला गेलेल्यांचं वाढतं, हे हार्वर्डच्या नॉर्मन हॉलेनबर्ग यांनी दाखवलं. बेटावर ते दिवसातून अनेकदा घरचा कोको पीत. पण बेटावरचं नि शहरातलं जगणं इतर बाबतींतही वेगळंच. २०१७ मध्ये कॉक्रेननं, म्हणजे वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या संस्थेनं, ३५ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा बीपी सरासरी जेमतेम २ अंकांनी उतरलेलं दिसलं. अमेरिकेतल्या ‘कॉसमॉस’ चाचणीत २१ हजारांहून अधिक ज्येष्ठांपैकी निम्म्यांना रोज ५०० मिलिग्रॅम कोको फ्लॅवनॉलच्या कॅप्सूल दिल्या. हृदयविकाराच्या एकूण घटनांत ठाम फरक दिसला नाही. हृदयविकारानं होणारे मृत्यू मात्र २७ टक्के कमी होते, पण तो चाचणीचा मुख्य निकष नव्हता. तिला मार्स या चॉकलेट करणाऱ्या कंपनीचाही पैसा होता. आणि त्या कॅप्सूल होत्या, चॉकलेट नव्हे!

थोडा उपयोग आहे, पण बीपीच्या गोळीची जागा घेण्याइतका नाही. माझ्या वडिलांनी असाच मेसेज वाचून महिनाभर बीपीची गोळी मनानंच बंद केली होती. एका सकाळी वरचा आकडा १९० दिसला. तेव्हापासून असे मेसेज बघून मला खरंच भीती वाटते. सासूबाईंची गोळी एक दिवसही चुकू देऊ नका.

त्यांना चव आवडत असेल तर वडीपेक्षा बिनसाखरेची कोको पावडर बरी. पाकिटाच्या मागे ‘अ‍ॅसिडिटी रेग्युलेटर ५०१’ किंवा ‘५००’ लिहिलेलं असेल तर ती बहुधा क्षारात मुरवलेली असते. ते नसलेली, फिकट तपकिरी रंगाची बघा. ड्रिंकिंग चॉकलेट नको, त्यात बरीचशी साखरच असते. चहाचा एक सपाट चमचा पावडर कोमट दुधात किंवा पाण्यात चांगली घोटा, चिमूटभर दालचिनी घाला, एवढं दिवसाला पुरे. जास्त घेऊ नका, कारण कोकोत शिसं आणि कॅडमियमही थोडं उतरलेलं असतं. मुतखड्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कोकोत ऑक्झलेट भरपूर असतं. आणि झोप लागत नसेल तर सकाळीच द्या.