इंडोनेशियाच्या राष्ट्रीय स्मृतीत साहित्याचे स्थान कोणते?

इंडोनेशियातील साहित्याने समाजासाठी आणि राष्ट्राच्या स्मृतीसाठी नेमके काय केले, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर असे की, १९६५ मध्ये फसलेल्या उठावानंतर डाव्यांची मोठी कत्तल झाली आणि लष्करी राजवट आली; त्यानंतर शासनाने जे बोलू दिले नाही, ते तेथे कादंबरीने सांभाळले. कादंबरीकार प्रामुद्या अनंता तूर (१९२५–२००६) यांच्या लेखनात हे सर्वाधिक स्पष्ट दिसते.

१९६५ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांना अटक झाली, तेव्हा त्यांचा ग्रंथसंग्रह आणि हस्तलिखिते नष्ट करण्यात आली. पुढे खटला न चालवताच त्यांना पूर्व इंडोनेशियातील बुरू बेटावर नेले आणि १९७९ पर्यंत बंदिवासात ठेवले. लिहिण्याची मुभा नव्हती, म्हणून १९७३ मध्ये त्यांनी सोबतच्या बंद्यांना एक दीर्घ कथा तोंडी सांगितली. ती नंतर कागदावर उतरली आणि १९८० मध्ये ‘बुमी मानुसिया’ या नावाने प्रसिद्ध झाली. ‘भूमी’ आणि ‘मनुष्य’ हे शब्द त्या नावात मराठी वाचकाला सहज ओळखू येतात.

या कादंबरीतील न्याई ओंतोसोरोहला (‘न्याई’ म्हणजे युरोपियाने लग्नाविना घरात ठेवलेली स्थानिक स्त्री) तिच्या बापाने पदाच्या लोभाने साखर कारखान्याच्या डच व्यवस्थापकाला विकलेले असते. ती वाचायला शिकते, सारा व्यवसाय समर्थपणे सांभाळते, आणि तरीही वसाहतीचे न्यायालय पोटच्या मुलीवरचा तिचा हक्क मानत नाही. ज्यांना आपला गुन्हा काय हेही सांगितले गेले नव्हते, अशा डांबलेल्या माणसांनी ही कथा ऐकताना काय अनुभवले असेल, याचा विचार मला अजूनही अस्वस्थ करतो.

१९८१ मध्ये सरकारने पुस्तकावर मार्क्सवादाच्या प्रचाराचा ठपका ठेवून बंदी घातली, आणि त्या दशकाच्या अखेरीस ही पुस्तके बाळगून वितरित केल्याबद्दल योग्यकार्तातील तरुणांना तुरुंगात जावे लागले. त्याच काळात १९६५ च्या घटनांची सरकारी बाजू मांडणारा चित्रपट दर सप्टेंबरात देशभर सक्तीने दाखवला जात असे. १९९८ मध्ये या लष्करी राजवटीचे प्रमुख, राष्ट्राध्यक्ष सुहार्तो पायउतार झाल्यावर ती सक्ती संपली.

मात्र प्रामुद्यांना निष्कलंक मानणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. १९६५ पूर्वी त्यांनी विरोधी मताच्या लेखकांवर कठोर हल्ले केले होते, आणि त्या जखमा इतक्या ओल्या राहिल्या की १९९५ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाल्यावर ज्येष्ठ पत्रकार व कादंबरीकार मोख्तार लुबिस यांनी स्वतःचा मॅगसेसे परत केला. दोघांनीही तुरुंग भोगलेला होता.

तरीही एक ऋण मान्य करावेच लागते. ‘बुमी मानुसिया’पासून सुरू होणाऱ्या चार कादंबऱ्यांच्या मालेचा नायक मिंके हा तिर्तो अधी सूर्यो यांच्यावर बेतलेला आहे. १९०७ मध्ये ‘मेदान प्रियायी’ हे वृत्तपत्र काढणारा हा पत्रकार १९१८ मध्ये वारला आणि जवळजवळ विस्मृतीत गेला. प्रामुद्यांनी त्यांना कादंबरीत आणले आणि त्यांचे चरित्रही लिहिले. २००६ च्या एप्रिलमध्ये प्रामुद्यांचे निधन झाले; त्याच वर्षी इंडोनेशियाने तिर्तो यांना राष्ट्रीय वीराचा दर्जा दिला.