हायड्रोजन, लिथियम, सोडियम, पोटॅशियम: २एस ऑर्बिटलची ऊर्जा सर्वांत कमी कुणात?
पोटॅशियममध्ये. ऑर्बिटल म्हणजे अणूत इलेक्ट्रॉन जिथे आढळतो तो भाग; २एस हे दुसऱ्या कवचातलं. नाव तेच असलं तरी केंद्रकातले प्रोटॉन १ वरून १९ वर जातात, ओढ वाढते आणि ऊर्जा खाली उतरते. हायड्रोजनमध्ये २एसची ऊर्जा -३.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट, लिथियममध्ये सुमारे -५.४. प्रोटॉन तिप्पट होऊनही फरक एवढासाच, कारण आतले दोन १एस इलेक्ट्रॉन केंद्रकाचा बराचसा प्रभार झाकून टाकतात. सोडियममध्ये मात्र २एस स्वतःच आतल्या कवचात जातं, त्यामुळे थेट -६० च्या पलीकडे; पोटॅशियममध्ये तर -३७० च्याही खाली. उणे चिन्ह विसरलात की क्रम नेमका उलटा लागतो, मुलं हमखास तिथेच गुण घालवतात. आणि हो, हायड्रोजनमध्ये २एस आणि त्याच कवचातलं दुसरं ऑर्बिटल २पी सारख्याच ऊर्जेची असतात. लिथियमपासून पुढे २पी वर राहतं.