सही कुठे करावी

मावशीने तुझा मेसेज पाठवला. तू फोंड्याची, होणारा नवरा इटालियन, तो म्युनिकला नोकरीला आणि लग्नानंतर तू तिकडे जाणार. लग्नाची सही, म्हणजे नोंदणी, गोव्यात करावी की तिकडेच लग्न उरकावे, कागद कुठले लागतात आणि तिकडे करमते का, असे तुझे तीन प्रश्न. वाचून आठ दिवस झाले. उत्तर लिहायला बसले की भलतेच काही लिहिले जायचे आणि मी ते पुसून टाकायचे. आज पुसत नाही.

व्हिसाचा फॉर्म, फोटोचा आकार, फी हे सगळे दूतावासाच्या संकेतस्थळावर आहे, ते तिथेच वाच. तिथे नसलेली एक गोष्ट आधी सांगते. होणारा नवरा इटालियन असणे हे तुझ्या पथ्यावर आहे. जर्मन माणसाशी लग्न करून जाणाऱ्या मुलीला जर्मन भाषेची ए-वन, म्हणजे पहिल्या पातळीची, परीक्षा द्यावी लागते. जर्मनीत नोकरी करणाऱ्या, युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशाच्या नागरिकाची बायको म्हणून जाणारीला ती लागत नाही, व्हिसाला पैसेही पडत नाहीत आणि तिथे पोचल्यावर पाच वर्षांचे कार्ड मिळते. म्युनिकच्या काउंटरवर कुणी परीक्षेचा दाखला मागितलाच तर हा नियम छापून जवळ ठेव. माझा नवरा पोर्तुगीज आहे, त्यामुळे या वाटेने मी गेलेली आहे.

आता सहीचे. पुण्याच्या मैत्रिणींना मला हे दर वेळी नव्याने सांगावे लागते. त्यांच्याकडे आधी मंगलाष्टके आणि मग कधी तरी नोंदणी. आपल्याकडे कायद्याने लग्न लागते ते सहीने. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता आणि १९१० चा लग्नाचा कायदा १९६१ च्या गोवामुक्तीनंतरही आपल्याकडे तसेच राहिले. पहिली सही, मग साधारण पंधरवडाभर नोटीस, मग साक्षीदारांसह दुसरी सही. भटजी, हॉल, जेवण हे सहा महिन्यांनी झाले तरी चालते. माझ्या आईबाबांची सही १९७८ सालची, डिचोलीच्या नोंदणी कार्यालयातली. बाबा लग्नाची तारीख विचारली की सहीचीच सांगायचे. मुहूर्ताची तारीख फक्त आईला पाठ.

आम्ही लग्न करायचे ठरवले २०१४ साली. दोघेही जर्मनीत नोकरीला होतो, तेव्हा आहोत तिथेच करू असे वाटले. आम्ही राहत होतो त्या शहराच्या नोंदणी कार्यालयातल्या बाईंनी यादी दिली. जन्माचा दाखला, अविवाहित असल्याचा दाखला, शिवाय लग्नाला हरकत नसल्याचा माझ्या देशाचा दाखला. जर्मनीला हवा तसला हा शेवटचा दाखला आपले सरकार देतच नाही, म्हणून तिथल्या वरिष्ठ न्यायालयाकडून त्यातून सूट मागावी लागते. भारताने २००५ साली अपोस्टीलचा, म्हणजे एका शिक्क्यावर दुसऱ्या देशात कागद खरा धरण्याचा, करार स्वीकारला, पण जर्मनीने त्याला हरकत घेतली. त्यामुळे तू दिल्लीहून कितीही सुंदर शिक्का मारून आणलास तरी जर्मनीत तो धरला जात नाही. दाखला खरा की खोटा याची पडताळणी ते स्वतः गावात माणूस पाठवून करून घेतात. गोव्यात साखळी गावी आमच्या घरी एक वकील येऊन शेजाऱ्यांना विचारून गेला, ही मुलगी इथलीच का, हिचे आधी लग्न झाले होते का. आईला ते फार लागले. पुढे कित्येक दिवस ती शेजारी हळदीकुंकवाला गेली नाही.

आणि मग नाव अडले. बाबांचा जन्म १९५० चा, म्हणजे पोर्तुगीज अमदानीतला. तेव्हाच्या दप्तरात आपली आडनावे पोर्तुगीज कानाने लिहिलेली असत. कामतांचे कामोतिम, प्रभूंचे पोरोब, नाईकांच्या शेवटी के च्या जागी क्यू-यू-ई. आमचे आडनाव त्यातलेच. माझ्या जन्मदाखल्यावर बाबांचे आडनाव पोर्तुगीज स्पेलिंगने आणि माझ्या पासपोर्टवर इंग्रजी स्पेलिंगने. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, ही दोन वेगळी माणसे आहेत. एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र बाबांनी करून पाठवले, ते त्यांनी उघडूनही पाहिले नाही. मूळ नोंद आणा म्हणाल्या.

बाबांनी डिचोलीहून स्वतःच्या जन्मनोंदीची प्रत काढली, जुन्या वहीतल्या तिरप्या पोर्तुगीज अक्षरातली. बाबा अकरा वर्षांचे असताना गोवा मुक्त झाला, त्यामुळे त्यांची पोर्तुगीज शाळा अर्धीच राहिलेली. घरात ती नोंद कुणाला वाचता येईना. तिचा फोटो त्यांनी मला पाठवला आणि माझ्या होणाऱ्या नवऱ्याने ती फोनवर एकेक ओळ वाचून दाखवली, मी मराठीत सांगत गेले. जन्म सकाळी सात वाजता. वडिलांचा व्यवसाय, शेतकरी. बाबा म्हणाले, "थांब, वेळ परत वाच." त्यांच्या पत्रिकेत वेळ पहाटेची होती. चौसष्टाव्या वर्षी त्यांना आपल्या जन्माची दुसरी वेळ कळली, आणि ती सांगणारा जावई पोर्तुगीज. तोवर बाबा त्याच्याशी एक अक्षर बोललेले नव्हते. आमचे नाते कळल्यापासून फोन आला की ते उठून अंगणात जायचे. त्या दिवशी फोन ठेवताना म्हणाले, "बों दीय." पोर्तुगीजमध्ये सुप्रभात. तेव्हा संध्याकाळ होती.

अकरा महिने झाले तरी कागद पुरे होईनात. माझ्या कामाचा करार संपत आला होता. कुणी तरी सांगितले, डेन्मार्कला जा. जर्मनीतली कागदांनी दमलेली जोडपी तिकडेच जातात, कारण तिथे जन्मदाखला मागत नाहीत. आता, म्हणजे २०१९ पासून, त्यांचे सगळे अर्ज एकाच सरकारी कार्यालयात तपासले जातात, तेव्हा ते काम नगरपालिकाच करायची. आम्ही टोंडरला गेलो. सीमेजवळचे छोटे, विटांच्या घरांचे गाव. पाऊस होता. मी आईने पाठवलेली हिरवी साडी नेसले होते आणि वरून जाड कोट. लग्न लागायला पंधरा मिनिटे लागली. साक्षीदार म्हणून नगरपालिकेतल्या दोन बायका आल्या, सह्या केल्या, अभिनंदन केले आणि आपापल्या टेबलाकडे गेल्या. दाखला हातात मिळाला, पाच भाषांतला. त्या दोघींची नावे मला अजून पाठ आहेत. माझ्या माणसांपैकी कुणाचेच नाव त्या कागदावर नाही.

डिसेंबरमध्ये गोव्याला गेलो. देवळात लग्न लागले, अबोलीचा वळेसर माळला, बाबांनी सगळे विधी केले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून तयार. म्हणाले, "चला, डिचोलीला सही करून येऊ." मी सांगितले, बाबा, आमची नोंदणी झालीय, आता परत होत नाही. लग्न झालेल्या माणसाने अविवाहित म्हणून सही कशी करायची? त्यांना हे आधी सांगितले नव्हते असे नाही. त्यांनी मनावर घेतले नव्हते. ते परत आत गेले आणि सदरा बदलून आले. एवढेच. कधी बोलून दाखवले नाही.

तू करमेल का विचारलेस. करमते. पहिली दोन वर्षे जड जातात, मग कामाचे, दुकानाचे, शेजाऱ्याचे धागे लागतात. चवथीला मात्र रजा काढून घरी जा. गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधतानाचा कातरलेल्या पानांचा वास फोनवरून येत नाही. यावर जास्त लिहिण्यासारखे माझ्याकडे नाही.

लिहिण्यासारखे आहे ते मुलीबद्दल. ती अडीच-तीन वर्षांची असताना बालवाडीच्या बाईंनी आम्हाला बोलावले. मूल उशिरा बोलतेय, घरात तीन भाषा आहेत, एक तरी कमी करा म्हणाल्या. पोर्तुगीज तिच्या आजीशी बोलायला हवी होती, जर्मन शाळेला. मी मराठी कमी केली. बाईंचे ऐकले याचा राग मला आजही येतो, बाईंचा आणि माझाही. पुढे सुरू केली, पण ती वर्षे गेली ती गेलीच. २०२१ मध्ये बाबा आजारी पडले, विमाने बंद होती, व्हिडिओवर ते नातीला विचारत होते, "जेवलीस गो बाय?" ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी भाषांतर केले. आजोबा आणि नात यांच्या मध्ये मी दुभाषी. तू तिकडे कोणीही काहीही सांगू दे, मुलाशी पहिल्या दिवसापासून मराठी बोल.

बाबांच्या मागे घराची इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतल्या वाटणीची कोर्टातली कारवाई, निघाली. आपल्याकडे वारसाबरोबर त्याच्या जोडीदाराचेही नाव येते, हे तुला ठाऊक असेल. लग्नाआधी करार केला नसेल तर दोघांची मिळकत एकत्र धरतात, म्हणून जावयाची सही लागते. आमच्या वकिलांनीही ती मागितली. डेन्मार्कच्या दाखल्यावर कोपनहेगनचा अपोस्टील, नवऱ्याचे मुखत्यारपत्र, त्याचे साक्षांकन, हे सगळे जर्मनीतून करायला सात महिने गेले. वेगळा करार करायचा असेल तर तो सहीच्या आधी करायचा असतो, नंतर नाही. तुझ्या घरी भावंडे आहेत, तेव्हा यावर आधी सगळ्यांनी एकत्र बसा. हे लग्नाच्या तोंडावर बोलणे अशुभ वाटते, तरी बोला.

तर सही कुठे? गोव्यात कर. त्याचा अविवाहित असल्याचा आणि लग्नाला हरकत नसल्याचा दाखला इटलीकडून येईल. दोन सह्यांच्या मध्ये त्याला रजा मिळेल असे बघ, पंधरवड्यासाठी दोनदा विमान परवडणार नाही. सहीनंतर दाखल्यावर अपोस्टील घे. इटली आपला अपोस्टील मानते. मग भाषांतर करून मुंबईच्या इटालियन वकिलातीमार्फत त्याच्या गावच्या नगरपालिकेत लग्नाची नोंद करून घे. तिथला उतारा हा युरोपीय कागद झाला. फेब्रुवारी २०१९ पासून असे कागद युरोपीय संघातल्या देशांत आपापसांत अपोस्टीलशिवाय चालतात. म्हणजे म्युनिकच्या टेबलावर तुझा गोव्याचा दाखला एकटा पडणार नाही, त्याच्यासोबत इटलीचा असेल. टोंडरपेक्षा वेळ लागेल, दोन-चार महिने तरी धर. आम्हीही लिस्बनमार्गे असे काही करू शकलो असतो. तेव्हा मी फक्त लवकर कुठे होईल एवढेच विचारत होते.

साक्षीदार म्हणून तुझ्या बाबांना उभे कर. आणि आज रात्रीच त्यांचा जन्मदाखला, तुझा जन्मदाखला आणि तुझा पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवून आडनावाचे अक्षर न् अक्षर जुळवून बघ. कुठे फरक दिसला तर मला फोटो पाठव. जुनी पोर्तुगीज नोंद असेल तर तीही पाठव, नवरा वाचून देईल.