चालतंय ते भंगारात कशाला घालायचं?

मागच्या अंकात कॉम्प्युटर आणि मोबाइलबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर पाकिटभर पत्रं आली. सगळी घेता येणार नाहीत. काहींनी नाव छापू नका म्हटलंय, म्हणून कुणाचंच छापत नाही.

प्रश्न : मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. दुकानात चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, आठ जीबी रॅम, विंडोज १० आहे. रोज मेसेज येतो की सपोर्ट संपला आणि हा पीसी विंडोज ११ ला चालणार नाही. मालक म्हणतात नवीन घेऊ, माझा पोरगा म्हणतो लिनक्स टाक. कुणाचं ऐकू? (सांगली)

उत्तर : दिवाणजी, आत्ता लगेच दोघांचंही नको. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला हे खरं, पण म्हणून मशीन बंद पडत नाही, फक्त सुरक्षेत नवीन भोकं सापडली की त्याला ठिगळ लावायला आता आपसूक कुणी येत नाही, आणि तुमच्या मशीनवर बँकेचं काम चालत असेल तर ते सोडून देण्यासारखं नाही. विंडोज ११ ला दोन गोष्टी लागतात, एक टीपीएम २.० म्हणजे चाव्या ठेवायची छोटीशी तिजोरी, आणि दुसरं म्हणजे इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. आठवी पिढी आली २०१७ ला, तुमची चौथी २०१३ ची. बैल म्हातारा झालाय पण औत ओढतोय की! मला राग तिजोरीचा नाही, तिजोरी चांगलीच आहे, राग याचा आहे की मशीन आपण पैसे मोजून घेतलं आणि ते कधी मेलं हे ठरवणार अमेरिकेतली कंपनी. अशी धडधाकट मशीनं जगभरातनं भंगारात जाणार आणि वर आम्ही ई-कचऱ्यावर भाषणं ऐकणार.

असो. आधी डबा उघडून बघा, आत अजून गरगर फिरणारी हार्ड डिस्क असेल तर ती काढून साधी साटा एसएसडी, म्हणजे न फिरणारी चिपांची डिस्क, घाला. जुनी डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी देते, एसएसडी पाचशेच्या वर, आणि बारीक-बारीक फायली शोधण्यात तर फरक त्याहून लय मोठा असतो. निम्म्या लोकांना ‘कॉम्प्युटर म्हातारा झाला’ वाटतं तेव्हा फक्त डिस्क म्हातारी झालेली असते. दुसरं, सेटिंगमध्ये विंडोज अपडेटला जाऊन जादा सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवा, घरगुती वापराला ती सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवलीय, त्याला मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं, आणि धंद्याच्या मशीनला नियम वेगळे आहेत ते तुमच्या बिलवाल्याला विचारून घ्या. पोराचं म्हणणं चुकीचं नाही, लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टीम, पण हिशेबाचं टॅली त्यावर सरळ चालत नाही, आणि सौद्याच्या दिवशी हिशेब उघडला नाही तर मालक पोराला काही बोलणार नाहीत, तुम्हाला बोलतील. लिनक्स मिंट हा त्यातलाच एक प्रकार घरच्या मशीनवर टाकू द्या, आधी पेनड्राइव्हवरनं चालवून बघता येतं, आतलं काही पुसलं जात नाही. दुकानासाठी सहा-आठ महिन्यांनी कंपन्यांतून निघालेला आठव्या-नवव्या पिढीचा जुना पीसी बघा, नव्याच्या निम्म्यात काम होईल.

प्रश्न : लॅपटॉप घ्यायचाय, रॅमचे भाव उतरतील तोवर थांबू का? (इंजिनीअरिंगची विद्यार्थिनी, मिरज)

उत्तर : ताई, कॉलेजला लागणार असेल तर थांबू नकोस. रॅमच्या, म्हणजे चालू काम ठेवायच्या मेमरीच्या, चिपा जगात मुख्यतः तीनच कंपन्या बनवतात, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन, आणि तिघींनाही आता एआयच्या डेटा सेंटरला माल देण्यात जास्त पैसा दिसतोय. मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये जाहीरच केलं की क्रुशल नावानं सुट्ट्या गिऱ्हाइकाला विकणं आम्ही बंद करतोय. आवक कमी, मागणी जास्त, पुढचं बेदाण्याच्या गावात राहणाऱ्याला सांगायला नको. एकच बघ, रॅम बोर्डाला डाग लावून चिकटवलेली नको, बदलता येणारी हवी. दुकानदाराला तोंडावर विचार, ‘नंतर वाढवता येते का?’ आणि तो हो म्हणाला तरी मॉडेल नंबर घेऊन घरी तपास.

प्रश्न : माझी झेरॉक्सची टपरी आहे. लोक व्हॉट्सअ‍ॅपवर आधारची पीडीएफ टाकतात, खाली पासवर्डपण लिहितात. माझ्या डाउनलोडमध्ये हजारेक आधार पडलेत. मी काही करत नाही हो, पण भीती वाटायला लागलीय. (विटा)

उत्तर : भाऊ, तुमच्यासारखी भीती सगळ्यांना वाटली असती तर हा कॉलम लिहावाच लागला नसता. ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्माचं साल, म्हणजे कुलूप लावून किल्ली दारावरच टांगल्यासारखं. आज संध्याकाळी दुकान बंद केल्यावर डाउनलोड रिकामं करा, रिसायकल बिन पण करा, आणि व्हॉट्सअ‍ॅप त्या कॉम्प्युटरवरनं लॉगआउट करून पुन्हा जोडा. मोबाइलमध्येही त्या सगळ्या फायली बसलेल्या असतात ते विसरू नका. पुढं रोज रात्री गल्ला मोजताना हे पण करायचं.

गिऱ्हाइकांसाठी एक कागद भिंतीला चिकटवा: ‘मास्क आधार आणा’. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरनं मिळतं. आता मे २०२२ ची गंमत ऐका. यूआयडीएआयच्याच बंगळुरू ऑफिसनं पत्रक काढलं की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, मास्क द्या, लोक घाबरले, आणि दोन दिवसांत दिल्लीहून ते पत्रक मागं घेतलं, म्हणे गैरसमज होईल. माझ्या मते त्या पत्रकात पहिल्यांदाच कुणीतरी खरं बोललं होतं.

मास्क चालत नाही म्हणाले आणि झेरॉक्स द्यावीच लागली तर कागदावर आडवं लिहा ‘फक्त अमुक कामासाठी’ आणि तारीख. नुसत्या नंबरानं खातं रिकामं होत नाही, पण नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा मिळाला की आधारवरनं पैसे काढायच्या मशीनला ओटीपी लागत नाही, आणि दस्तावरच्या अंगठ्यावरनं रबरी ठसे करणारे चोर पोलिसांनी पकडलेले आहेत. म्हणून आधारच्या सरकारी अ‍ॅपमध्ये बायोमेट्रिक लॉक करून ठेवावं असं मी सांगतो. फक्त घरात आजी रेशनला अंगठा लावायला जात असेल तर त्या दिवशी तेवढ्यापुरतं उघडायची जबाबदारी कुणावर ते आधी ठरवा. आमच्या घरात हे ठरलं नव्हतं, आई रेशन दुकानातनं रिकामी पिशवी घेऊन परत आली आणि मला जे ऐकावं लागलं ते इथं छापता येणार नाही.

प्रश्न : तुम्ही सारखं प्रायव्हसी प्रायव्हसी करता. ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही त्यानं सरकारला का भ्यावं? (निवृत्त शिक्षक, पलूस)

उत्तर : गुरुजी, खरसुंडीच्या यात्रेत खिलार बैलांचा सौदा तुम्ही बघितलाच असेल. उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरतो, भोवती पन्नास माणसं उभी असतात पण आकडा दोघांनाच कळतो. त्यात चोरी काय आहे? कुणाला काय कळावं ते ज्याचं त्यानं ठरवायचं, एवढीच गोष्ट आहे, आणि २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमतानं सांगितलंय.

सरकारचं सगळं वाईट असं मी म्हणत नाही. संचार साथी हे सरकारी अ‍ॅप घ्या, हरवलेला मोबाइल ब्लॉक करायला एक नंबर सोय आहे, मी स्वतः लोकांना वापरायला सांगतो. पण नोव्हेंबर २०२५ च्या शेवटी ते अ‍ॅप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच घालून द्या असा आदेश कंपन्यांना गेला, ओरड झाली, आणि ३ डिसेंबरला सक्ती मागं घेतली. चांगली वस्तू असेल तर लोक आपणहून घेतात, सक्ती कशाला? आणि त्याच नोव्हेंबरात डेटा संरक्षणाचे नियम आले. २०२३ च्या त्या कायद्यात कंपनीला अडीचशे कोटींपर्यंत दंड आहे, झकास, पण सरकारी यंत्रणांना सूट द्यायची वाट पण त्यातच ठेवलीय. शिवाय माहिती अधिकार कायद्यातलं कलम ८(१)(ञ) बदललं, आधी त्याच कलमात सार्वजनिक हित असेल तर वैयक्तिक माहिती द्यायची सोय होती, ती काढली. कलम ८(२) खाली अजून मागता येते, पण भांडायला दम लागतो. म्हणजे माझा अंगठा दहा मशीनवर आणि साहेबांची माहिती मात्र खाजगी. मला हे उलटं वाटतं, तुम्हाला वाटत नसेल तर पत्र लिहा, छापू.

प्रश्न : २०१९ च्या पुरात आमचा पीसी दोन दिवस पाण्यात होता. डिस्क जपून ठेवलीय, लग्नाचे आणि वडिलांचे फोटो आहेत. घरी जोडून बघू का? (सांगलीवाडी)

उत्तर : नका. मुळीच नका. आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं त्या वेळचा तो गाळ आहे. हार्ड डिस्कला हवेसाठी बारीक भोक असतं, त्यातनं पाणी आणि माती आत गेलेली असणार, आणि वाचणारं हेड तबकडीवर केसाच्या जाडीच्या कितीतरी पट कमी अंतरावर तरंगतं. वाळलेल्या मातीवर ते एकदा फिरलं की संपलं. तांदळात ठेवायचा उपाय इथं चालत नाही. डेटा काढून देणाऱ्या लॅबला पाठवा, खर्च पाच आकडी होऊ शकतो, मिळेलच असंही नाही, पण आधी तपासून सांगा मग पैसे ठरवू असं म्हणणाराच गाठा.

जे फोटो मोबाइलमध्ये, नातेवाइकांकडे उरलेत ते आत्ता गोळा करा आणि दोन बाहेरच्या डिस्कवर घाला. एक घरी, पोटमाळ्यावर. दुसरी पुराचं पाणी जिथं कधी येत नाही तिथं. तुम्ही पत्रात लिहिलंय की बहीण आटपाडीला दिलीय, मग तर सोपं झालं. डिस्कला पासवर्ड घाला, तो बहिणीला तोंडी सांगून ठेवा, आणि दर भाऊबीजेला जाताना घरची डिस्क ताजी करून न्यायची, तिच्याकडची परत आणायची.