पिस्तूल इतक्या लवकर नको

टोळीत ओढल्या जाणाऱ्या गरीब पोरांवरची तुझी पटकथा वाचली. पोरं खरी वाटतात, पण पहिल्याच प्रसंगात तू त्यांच्या हातात पिस्तूल दिलंस, ते काढ. गरिबीतलं पोर गुन्ह्यात एकदम पडत नाही. आधी कुणाचा तरी निरोप पोचवतं, मग एखादं पुडकं, आत काय आहे ते न विचारता. त्या पैशातून घरात किराणा येतो. आई पिशवी रिकामी करते, डबे भरते आणि पैसे कुठून आले हे विचारत नाही. हा प्रसंग सावकाश लिही. माझ्या मते सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे. मारामाऱ्या मात्र थोडक्यात आटप.

संवादांतली भाषणंही काढ. पंधरा वर्षांचा मुलगा व्यवस्थेबद्दल बोलत नाही, बुटांवरून भांडतो. २००२ च्या ‘सिटी ऑफ गॉड’ या ब्राझीलच्या चित्रपटासाठी रिओ शहरातल्या गरीब वस्त्यांमधली नवखी मुलं घेऊन आधी अभिनयाच्या कार्यशाळा घेतल्या होत्या, बरेच संवाद त्यांनीच उत्स्फूर्तपणे बोललेत. जमलं तर तूही संवाद तशा मुलांकडून बोलवून घे.

आणि टोळीच्या दादाला नुसता खलनायक करू नकोस रे. ‘जेवलास का’ असं त्या पोराला विचारणारा तो कदाचित पहिलाच मोठा माणूस असेल. पुढचा खर्डा झाला की पाठव, नक्की वाचतो.