वाचक विचारतात: मुंबई विमानतळावरचा लांब थांबा आणि लाउंज

या महिन्यात आलेल्या पत्रांचा सूर सारखाच आहे: तिकीट बिझनेस क्लासचं आहे, मुंबईत मधे पाच-सहा तास आहेत, तेव्हा लाउंजमध्ये निवांत बसू. नागपूरच्या वाचकांचा प्रश्न सगळ्यांनाच उपयोगी पडेल, म्हणून तो आधी आणि सविस्तर घेतला आहे.

प्रश्न : मुलाने आम्हा दोघांना फ्रँकफर्टहून परतीचं बिझनेसचं तिकीट काढून दिलं आहे. मुंबईत रात्री १:१० ला उतरू, नागपूरचं विमान सकाळी ७:१० ला आहे आणि तो टप्पा इकॉनॉमीचा आहे. मधले सहा तास लाउंजमध्ये काढता येतील ना? (वाचक, नागपूर)

उत्तर : लाउंजचा हक्क आपण ज्या विमानातून उतरलो त्यावर ठरत नाही, पुढे जे पकडायचं त्यावर ठरतो. तुमचा पुढचा टप्पा इकॉनॉमीचा आहे, त्यामुळे हक्क आहेच असं धरून चालू नका. लांब पल्ल्याच्या बिझनेस प्रवासाला जोडून त्याच दिवशी देशांतर्गत विमान असेल, तर काही कंपन्या आणि त्यांचे गट वरच्या वर्गाचा हक्क पुढेही चालू ठेवतात. मात्र त्यासाठी दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच पीएनआरवर हवेत. मुलाला आजच विमान कंपनीला ईमेल करायला सांगा. प्रश्न असा विचारा: ‘मुंबई ते नागपूर टप्प्याआधी मुंबईच्या देशांतर्गत लाउंजमध्ये प्रवेश आहे का, आणि कोणत्या लाउंजमध्ये?’ उत्तर फोनमध्ये ठेवा. लाउंजच्या दारातल्या कर्मचाऱ्याला तुमचा आधीचा टप्पा संगणकावर दिसेलच असं नाही, म्हणून फ्रँकफर्टच्या बोर्डिंग पासचा तुकडाही टाकू नका.

आता वेळेचा हिशेब. भारतात जिथे पहिल्यांदा उतरता, तिथेच इमिग्रेशन आणि कस्टम्स होतात. बॅगेला नागपूरचा टॅग असला तरी साधारणपणे ती मुंबईत पट्ट्यावरून उचलावी लागते. क्रम असा: विमानातून बाहेर पडून चालत इमिग्रेशन, मग बॅगांचा पट्टा, कस्टम्सचा हिरवा किंवा लाल मार्ग, पुढच्या विमानासाठी बॅगा पुन्हा देण्याचा काउंटर, मग सुरक्षा तपासणी, आणि त्यानंतर देशांतर्गत भागातलं लाउंज. मध्यरात्रीनंतर मुंबईत परदेशी विमानांची गर्दी असते, त्यामुळे या सगळ्याला दोन तास धरा. म्हणजे लाउंजच्या खुर्चीत टेकेपर्यंत सव्वातीन वाजतील. दुसऱ्या टोकाला गेट विमान सुटण्याआधी २५ मिनिटं बंद होतं, म्हणजे ६:४५ ला. टर्मिनल २ मध्ये लांबच्या गेटपर्यंत चालायला १५ मिनिटं सहज लागतात. ६:१५ ला उठून निघायचं, तर सहा तासांतले हाती उरतात तीन. तेवढ्यासाठी दोघांचे वेगळे पैसे भरून आत जायचं का, हे त्या हिशेबाने ठरवा.

बॅगा पुन्हा देताना दोन गोष्टी हमखास चुकतात. परदेशातून ड्युटी फ्रीची बाटली हातात घेऊन आलेले प्रवासी ती तशीच घेऊन सुरक्षा तपासणीला जातात आणि तिथे ती काढून घेतली जाते. कस्टम्स झालं की ती मोठ्या बॅगेत, कपड्यांत गुंडाळून घाला. पॉवर बँकेचं नेमकं उलट आहे. ती मोठ्या बॅगेत राहिली तर बॅग बाजूला काढली जाते आणि तुम्हाला शोधत बसतात, तेव्हा ती हातातल्या पिशवीत हवी.

आणखी एक. नागपूरचं विमान नक्की कुठून सुटतं ते आधी पाहा. टर्मिनल १ आणि २ एकमेकांना चालत जाण्यासारखी जोडलेली नाहीत, आणि आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. तिकिटावर बीओएम असेल तर छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ, एनएमआय असेल तर उलव्याचा नवा. वेगवेगळी तिकिटं काढणाऱ्यांनी हे तीन अक्षरांचं संकेतचिन्ह दोनदा वाचावं.

प्रश्न : लाउंजमध्ये झोप लागली आणि विमान चुकलं तर? आवाज देऊन उठवतात का? (वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. बहुतेक लाउंजमध्ये बोर्डिंगची घोषणा होत नाही, फक्त पडद्यावर वेळ आणि गेट दिसतं. काउंटरवर उठवायला सांगून ठेवा, पण त्यावर विसंबू नका. पाळी बदलली की निरोप राहून जातो.

परदेशातून येणाऱ्यांचा गजर एका वेगळ्याच कारणाने चुकतो. फोन विमान मोडवर राहिला की घड्याळ जुन्या देशाची वेळ दाखवत राहतं. जर्मनी उन्हाळ्यात आपल्या साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असते. सहाचा गजर लावून झोपलात, तर तो मुंबईच्या साडेनऊ किंवा साडेदहाला वाजेल. आत गेल्यावर आधी भिंतीवरच्या पडद्याशी फोनची वेळ जुळवा, मगच गजर लावा. दोघे असाल तर दोन्ही फोनवर लावा. जागा निवडताना प्लगजवळची घ्या, खाण्याच्या काउंटरपासून लांब. वातानुकूलन कडक असतं, चादर मिळेलच असं नाही, म्हणून शाल आणि मोजे मोठ्या बॅगेत न टाकता हाताशी ठेवा. पासपोर्ट आणि पाकीट अंगावर, आणि पिशवीचा पट्टा पायात अडकवलेला.

अंघोळ करायची असेल तर आत शिरतानाच काउंटरवर नाव लावा. शॉवर मोजके असतात आणि प्रत्येक लाउंजमध्ये असतातच असं नाही. आधी झोप, मग अंघोळ असा बेत केला तर पहाटे पाचनंतर रांग लागते, आणि तेव्हा वेळ तुमच्या हातात नसतो. आधी अंघोळ, मग झोप.

ज्यांना खरोखर आडवं व्हायचं आहे, विशेषतः गुडघे-कंबर दुखणाऱ्यांनी, लाउंजचा आग्रह सोडावा असं आमचं स्पष्ट मत आहे. टर्मिनल २ च्या आतच तासांवर खोली देणारं ट्रान्झिट हॉटेल आहे. खोली घेताना ती इमिग्रेशनच्या आतल्या बाजूची की बाहेरची, एवढं जरूर विचारा. चुकीच्या बाजूची खोली घेतली तर तिथपर्यंत जाताच येणार नाही.

प्रश्न : पुण्याहून रस्त्याने येतोय, लंडनचं विमान दुपारी २ चं, बिझनेस क्लास. घाटातल्या कोंडीच्या भीतीने सकाळी सहालाच पोहोचणार आहोत. लगेच लाउंजमध्ये जाता येईल? (वाचक, पुणे)

उत्तर : बहुधा नाही. अडचण लाउंजची नाही, बॅगांची आहे. काउंटर साधारण तीन-चार तास आधी उघडतो. बॅगा दिल्याशिवाय इमिग्रेशन नाही, आणि आंतरराष्ट्रीय लाउंज इमिग्रेशनच्या पलीकडे. शिवाय काही लाउंज बिझनेसच्या प्रवाशालाही ठरावीक तास आधीच आत घेतात. त्यामुळे सहा ते दहा हा वेळ तुम्हाला बाहेर काढावा लागेल. विमानतळाजवळ नातेवाईक असतील तर तिथे चहा-नाश्ता करून साडेनऊला या. फक्त हातातली पिशवी असेल आणि वेब चेक-इन झालं असेल तर लवकर आत जाणं सोपं पडतं, पण तेव्हाही कंपनीला विचारून घ्या.

तिकिटाचा प्रकारही तपासा. बिझनेसमध्येही स्वस्त दर निघाले आहेत. एमिरेट्सचा ‘स्पेशल’ आणि कतार एअरवेजचा ‘लाइट’ या दरांत आसन बिझनेसचं असतं, लाउंज नसतं.

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे, जेवणाआधी इन्सुलिन घेतात. लाउंजमध्ये काय काळजी घ्यावी? (वाचक, ठाणे)

उत्तर : इन्सुलिन, सुया आणि ग्लुकोमीटर हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. मोठ्या बॅगेत नको, कारण विमानाच्या पोटात ते गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. वापरात असलेलं पेन लाउंजच्या फ्रिजमध्ये ठेवायला देऊ नका, बहुतेक पेनांना ३० अंशांखालचं तापमान काही आठवडे चालतं. फ्रिजमध्ये ठेवलेलं पेन तिथेच विसरून जाण्याचा धोका मोठा.

खरी चूक जेवणाच्या वेळेत होते. पहाटे रात्रीचे पदार्थ उचलून नाश्ता मांडेपर्यंत काउंटरवर बिस्किटं आणि फळांपलीकडे फारसं काही नसतं. वडिलांनी जेवण असेल असं धरून आधी टोचून घेतलं, तर साखर उतरते. आधी ताट समोर आणा, मग इन्सुलिन. साखर ७० च्या खाली गेली तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, आणि सावरल्यावर पोळी किंवा इडलीसारखं काही खायला द्या. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालू नका, लाउंजच्या काउंटरवरून विमानतळाचा डॉक्टर बोलवा. वेळेच्या फरकाने डोस कसे सरकवायचे हे निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

प्रश्न : क्रेडिट कार्डावर लाउंज फुकट आहे असं बँकेने सांगितलं होतं, दारात मात्र कार्ड नाकारलं. का? (वाचक, डोंबिवली)

उत्तर : बहुतेकदा मागच्या तिमाहीतल्या खर्चाची अट पूर्ण झालेली नसते. बऱ्याच बँकांनी ती अलीकडे घातली आहे. दुसरं कारण, देशांतर्गत लाउंजचं कार्ड आंतरराष्ट्रीय बाजूला दाखवलं. तिसरं, तिमाहीतल्या मोफत भेटी संपल्या. चौथं, कार्डावरचं आणि बोर्डिंग पासवरचं नाव वेगळं. घरून निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये उरलेल्या भेटी पाहा, आणि फोनमधला फोटो न दाखवता प्रत्यक्ष कार्ड न्या. कार्डवाल्यांना साधारण दोन-तीन तासच बसू देतात, तेव्हा लांब थांब्यात लगेच शिरू नका.

प्रश्न : परदेशी सिमवर वाय-फायचा ओटीपी येत नाही. (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : लाउंजच्या काउंटरवर बोर्डिंग पास दाखवून वाय-फायचा कोड मागा.

प्रश्न : आईला लाउंजमधलं खाणं नको असतं. घरचा डबा चालेल का? (वाचक, सांगली)

उत्तर : सुरक्षा तपासणीतून पोळी, धपाटे, सुकी भाजी, चिवडा जातो. लोणचं आणि पातळ चटणी अडते, आणि तूप द्रवात मोजलं जातं, त्यामुळे आंतरराष्ट्रीय प्रवासात १०० मिलिलिटरपेक्षा मोठा डबा जाणार नाही. लाउंजमध्ये स्वतःचा डबा खाण्याबद्दल नियम वेगवेगळे आहेत. पथ्याचं किंवा उपासाचं आहे असं सांगून परवानगी विचारावी. तिथलं अन्न बाहेर नेता मात्र येत नाही. आणि आईने पिशवीत सुकं खोबरं ठेवलं असेल तर ते घरीच काढून ठेवा. खोबऱ्यात तेल भरपूर असल्याने ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून ते हातातल्या आणि मोठ्या अशा कुठल्याच बॅगेत चालत नाही.